‘लिंक नाही’ हे उत्तर चालणार नाही



पूर्वी कचेरीत गेले की ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे उत्तर मिळायचे. आता साहेब जागेवर असतात, डोक्यावर पंखा फिरत असतो आणि उत्तर मिळते, ‘लिंक नाही’. साहेब दौऱ्यावरून कधी परतणार ते शिपाई तरी सांगायचा. लिंक कधी येणार ते सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

या दोन शब्दांची गंमत अशी की त्यात कोणाचाच दोष नसतो. मॅनेजर म्हणतो, माझ्या हातात नाही. तालुक्याचा अधिकारी म्हणतो, वरूनच बंद आहे. केबलवाली कंपनी म्हणते, रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली. रस्त्याचा ठेकेदार म्हणतो, केबल कुठे पुरली त्याचा नकाशा आम्हाला कोणी दिला? सगळे निर्दोष. दंड फक्त एकाला होतो, रांगेत उभ्या असलेल्या कास्तकाराला.

या दंडाचा हिशेब एकदा मांडून पाहू. कापसाची गाडी सीसीआयच्या केंद्रावर उभी आहे. नोंदणी ऑनलाइन, पावती ऑनलाइन. दुपारी लाइन गेली आणि काटा थांबला. गाडी रात्रभर तिथेच. गाडीभाडे चालू, ड्रायव्हरची खुराकी चालू, वरून डिसेंबरचे दव. सीसीआयच्या हिशेबात ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात आणि १२च्या वर गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. एका रात्रीच्या दवाने ओलावा एक टक्क्याने वाढला तर क्विंटलमागे ८१ रुपये गेले. वीस क्विंटलच्या गाडीला सोळाशेच्या वर. आणि कापूस आधीच ११-१२ वर असेल तर काल पास होणारा माल आज नापास. तुटली केबल, भिजला कापूस, पैसे कापले कास्तकाराचे.

दुसरा हिशेब पीककर्जाचा. मुदतीत कर्ज फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत व्याजाची सवलत आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आपण पैसे घेऊन शाखेत उभे आणि शाखेत लिंक नाही. दुसऱ्या दिवशी लिंक येते, पण आपण थकबाकीदार झालेलो असतो. ‘शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात कशाला?’ असे वर विचारले जाते. साहेब, पैसा हातात येतो माल विकल्यावर. माल विकला जातो तुमचा काटा चालू असेल तेव्हा. काट्याची लाइन बंद म्हणून आम्हाला उशीर, आणि बँकेची लाइन बंद म्हणून आम्ही थकबाकीदार!

तिसरा हिशेब मुदतीच्या फॉर्मांचा. २०१७ च्या कर्जमाफीला राज्यभर ऑनलाइन अर्ज मागवले. बायामाणसे रात्री उशिरापर्यंत केंद्रांच्या दारात बसून राहिली. शेवटी १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. २०२३ च्या खरिपात पीकविम्याची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत न्यावी लागली. म्हणजे मुदत वाढवता येते, तिला देवाचा शिक्का नाही. पण ती वाढते केव्हा? अख्ख्या राज्यात बोंब उठली तेव्हा. एका गावची लाइन तीन दिवस बंद राहिली तर बोंब गावच्या शिवेबाहेर जात नाही आणि त्या गावाला तीन तास सुद्धा मिळत नाहीत. खरीप २०२४ पर्यंत आपल्या राज्यात गारपीट, अतिवृष्टीचे नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचे होते. ज्या वादळाने पीक आडवे केले त्याच वादळाने खांब आणि टॉवरही आडवे केले, तरी घड्याळ मात्र चालूच.

आता आपण कापूस-ज्वारीवाले जरा पूर्वेकडे नजर टाकू. गोंदिया जिल्ह्यात बिरसी नावाचे गाव आहे. तो धानाचा मुलूख, तळ्यांचा मुलूख. आपल्या काळ्या कोरडवाहू रानाशी त्याचे पीक जुळत नाही. रांग मात्र तंतोतंत जुळते. तिथला धानवाला आधारभूत खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी करतो, इथला ज्वारीवाला करतो. दोघांनाही सातबारा, पीकपेरा, आधार आणि बँकखाते सर्व एकाच तारेवरून लागते. दोघांचीही बारदाने तार तुटली की ओट्यावर पडून राहतात.

बिरसीचे नाव घेण्याचे कारण वेगळे आहे. तिथे विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली. पुढे ती वाढवली, तिच्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. धावपट्टीशेजारी वैमानिक घडवण्याची संस्था उभी राहिली आणि मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमानेही सुरू झाली. आम्ही विमानाच्या विरोधात नाही. उलट विमानाचा धंदा कसा चालतो ते शेतकऱ्याने नीट पाहावे असे आमचे म्हणणे आहे, कारण शिकण्यासारखा धडा तिथे आहे.

विमानाच्या धंद्यात ‘बंद पडले तर’ हा प्रश्न आधी विचारतात, उडण्याचे नंतर. प्रवासी विमानाला इंजिने दोन, चालक दोन, रेडिओही एकापेक्षा जास्त. समजा रेडिओच बंद पडला. वैमानिक शिकणाऱ्या पोराला पहिल्याच वर्षी शिकवतात की आपल्या यंत्रावर ७६०० हा आकडा लाव. सगळ्या जगात या आकड्याचा अर्थ एकच आहे, माझा रेडिओ गेला. मग मनोऱ्यावरून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा दिसला तर उतर, स्थिर लाल दिसला तर दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घाल. तार नाही, आवाज नाही, तरी विमान सुखरूप खाली येते. मनोऱ्यावरचा माणूस खिडकीतून पाटी दाखवत नाही की ‘लिंक नाही, उद्या या’.

कोणी म्हणेल, तिथे जिवाचा प्रश्न आहे. बरे, जिवाचा नसलेला दाखला घ्या. १९ जुलै २०२४ ला एका अमेरिकन कंपनीच्या सदोष सॉफ्टवेअरने जगभरचे संगणक बसले. आपल्या देशातल्या विमानतळांवरही रांगा लागल्या, विमाने रद्द झाली. तेव्हा कंपन्यांनी काय केले? कागद काढला, पेन काढले आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. जगातला सर्वांत संगणकी धंदा कागदावर आला आणि त्या कागदावर माणसे विमानात बसली. मग त्याच देशात, हाताने लिहिलेल्या वजनपावतीवर कापूस जिनिंगमध्ये उतरत का नाही? विमानात बसणाऱ्याची वेळ ही वेळ आणि रांगेत बसणाऱ्याची वेळ म्हणजे काय रिकामटेकडेपणा?

शहाणी मंडळी आता सांगतील की शेतकऱ्यांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत. कळतात. मोटार बंद पडली तर स्टार्टर जळाला, केबल गेली की विहिरीचे पाणी सरले हे जो ओळखतो त्याला लिंकही ओळखता येते. ‘लिंक नाही’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे रोग लपवलेले असतात. ते वेगळे केले की औषधही वेगळे दिसते.

पहिला रोग तारेचा. शाखेपर्यंत किंवा केंद्रापर्यंत येणारी केबल तुटली. बाकी सगळ्या जगाचे काम चालू, फक्त आपले दार बंद. दुसरा रोग विजेचा. केबल धड आहे, पण तिच्या टोकाच्या डब्याला वीज नाही. इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेली. तिसरा रोग मुंबई-दिल्लीचा. तार आहे, वीज आहे, पण ज्या मोठ्या संगणकाला विचारायचे तोच बसलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सॉफ्टवेअरच्या बिघाडाने सीसीआयची खरेदी राज्यात काही दिवस बंद पडली, तो हा तिसरा रोग.

पहिल्या रोगाचे औषध आज बाजारात आहे आणि ते महाग नाही. राउटर नावाचा डबा असतो, त्यात मोबाईलचे सिमकार्ड बसते. एरवी काम केबलवरून चालते. केबल मेली हे डब्याला आपोआप कळते आणि काही सेकंदांत तो काम मोबाईलच्या टॉवरवरून चालू करतो. केबल जोडली गेली की परत केबलवर येतो. खिडकीवरच्या माणसाला बटणही दाबावे लागत नाही. असा डबा काही हजार रुपयांत येतो. बँकेची नोंद, अंगठ्याची पडताळणी, वजनाची पावती ही सारी आकड्यांची आणि अक्षरांची कामे. पोरे मोबाईलवर एक सिनेमा पाहतात तेवढ्या डेटात एका शाखेचे दिवसभराचे असे व्यवहार निघून जातील. शहरातल्या मोठ्या दुकानांना, कारखान्यांना ही सोय नवी नाही. त्यांचा एक तास बंद राहिला तर तोटा मालकाचा होतो, म्हणून मालक दुसरी वाट आधीच करून ठेवतो. आमच्या रांगेचा तोटा मालकाचा होत नाही, आमचा होतो. दुसरी वाट न होण्याचे कारण एवढेच आहे.

‘बँकेचे काम मोबाईलवर सुरक्षित नाही’ असा एक बचाव ऐकू येतो. मग बँकमित्र काय करतो? गावात टेबल टाकून बसणारा बँकमित्र हातातल्या यंत्रावर अंगठा घेतो आणि पैसे देतो. त्याचे यंत्र मोबाईलच्या सिमवरच चालते. म्हणजे शाखेच्या आत लिंक नाही आणि शाखेच्या बाहेर त्याच बँकेचा माणूस सिमवर व्यवहार करतो! बाहेर सुरक्षित ते आत असुरक्षित कसे? सिमवरून जाणारा मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची रीत बँकांना चांगली ठाऊक आहे. समोरचा चहावाला मोबाईलवर दहा रुपये घेतो आणि बँकेला आमचे दहा हजार घेता येत नाहीत, हे कोणत्या तोंडाने सांगता?

दुसरी वाट करताना ती खरोखर दुसरी आहे ना हे मात्र तपासावे लागेल. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार भर दुपारी बंद पडला. त्यांच्याकडे दोन कंपन्यांच्या लाइनी होत्या, तरी दोन्हीकडे एकदमच बिघाड झाला. आपल्याकडेही हेच होऊ शकते. केबल ज्या कंपनीची, सिमही त्याच कंपनीचे घेतले आणि तिचा टॉवर त्याच केबलवर चालत असेल, तर जेसीबीच्या एका घावात दोन्ही गेले. दोन बैल एकाच खुंट्याला बांधले आणि खुंटा उपटला तर दोन्ही बैल गेले. म्हणून सिम दुसऱ्या कंपनीचे हवे, शक्य तर दोन कंपन्यांची दोन हवीत, रेंज कमी असेल तिथे छतावर अँटेना हवा आणि डब्याला स्वतंत्र बॅटरी हवी. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्टीत किंवा मेळघाटच्या डोंगरात जिथे कोणत्याच कंपनीचा टॉवर पोचत नाही तिथे सिमचा उपयोग नाही. तिथे छत्रीवाली उपग्रहाची लाइन द्या किंवा कागदावर काम करा. पण काम करा.

त्याच दिवशी शेअर बाजारात पुढे काय झाले तेही ऐका. सुमारे चार तास बाजार बंद राहिला. मग पावणेचारला तो पुन्हा उघडला आणि एरवी साडेतीनला संपणारा बाजार त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालवला. तार तुटली म्हणून शेअरवाल्याला वेळ वाढवून मिळाली, तीही त्याच दिवशी, अर्ज न करता. कापूसवाल्याला, धानवाल्याला, कर्ज फेडायला आलेल्याला असा दीड तास कोणी कधी वाढवून दिला आहे काय?

सरकारला एका तारेचा धोका कळलेला नाही असेही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेण्याची योजना मंजूर केली. तिचेच पुढे भारतनेट झाले. तार सरळ रेषेत पुरली. मध्ये एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. बारा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर झाली आणि त्यात तार कड्यासारखी गोल फिरवायचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने काम चालेल. म्हणजे एक वाट पुरत नाही हे सरकारने स्वतःच मान्य केले. पण हे कडे ग्रामपंचायतीपर्यंत. तिथून सोसायटीपर्यंत, खरेदी केंद्रापर्यंत, सेतू केंद्रापर्यंत पुन्हा एकच तार. हजारो कोटींचे कडे घालायचे आणि शेवटच्या दोनशे हातांसाठी काही हजारांचा डबा नाही, याला नियोजन म्हणतात काय?

आमच्या म्हणण्याचा कोणी उलटा अर्थ काढू नये. आम्हाला संगणक नको आहे, पुन्हा तलाठ्याच्या दप्तराचे राज्य हवे आहे, असे मुळीच नाही. सातबाऱ्यासाठी किती हेलपाटे घालावे लागत ते आम्ही विसरलेलो नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, त्याचे आम्ही स्वागत केले. शेतकरी तंत्राला घाबरत नाही. नवे बियाणे, नवे अवजार त्याने नेहमीच आपल्या हिमतीवर आणले. आमची तक्रार यंत्राबद्दल नाही. यंत्र चालू असताना त्याचा फायदा कचेरीला आणि यंत्र बंद असताना त्याचा तोटा शेतकऱ्याला, या वाटणीबद्दल आहे. कागद बंद करताना सरकारने जबाबदारी घेतली होती की काम जलद होईल. काम बंद पडले तर ती जबाबदारी सरकारचीच आहे.

म्हणून या जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत. भीक म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

१. शेतमालाची सरकारी खरेदी, पीककर्ज, पीकविमा, रेशन आणि महसुली दाखले ही कामे जिथे जिथे ऑनलाइनच करण्याची सक्ती आहे, तिथे दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालणारी पर्यायी लाइन आणि डब्याला बॅटरी असलीच पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याने ऑनलाइनची सक्ती करू नये.

२. पर्यायी लाइन महिन्यातून एकदा केबल काढून तपासावी आणि तारीख वहीत लिहावी. वीमा काढून हप्ता न भरणे आणि डबा बसवून सिमचे पैसे न भरणे सारखेच.

३. दोन्ही लाइनी किंवा वरचा संगणक बंद असेल तर एका तासानंतर काम कागदावर सुरू झाले पाहिजे. वजन करा, ग्रेड ठरवा, ओलावा लिहा, हातपावती द्या. लाइन आली की नोंद तुम्ही करा. आलेल्या दिवसाचा ओलावा हाच धरला जाईल.

४. लाइन बंद होती तितके दिवस त्या केंद्रापुरती, त्या शाखेपुरती मुदत आपोआप पुढे गेली पाहिजे. त्यासाठी मंत्रालयाच्या पत्राची वाट पाहायला लावू नये. शाखा बंद होती म्हणून कोणीही थकबाकीदार ठरणार नाही.

५. लाइन कधी गेली, कधी आली, किती माणसे परत गेली, याची वही प्रत्येक ठिकाणी दर्शनी भागात टांगावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. आजपासून प्रत्येकाने एक काम करावे. ‘लिंक नाही’ हे उत्तर तोंडी घेऊन घरी यायचे नाही. कोऱ्या कागदावर लिहायचे: आज अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक कामासाठी आलो, लाइन बंद असल्याचे सांगण्यात आले. दोन प्रती करायच्या, एक द्यायची, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यायचा. सही देत नाहीत? रांगेतल्या पाच जणांच्या सह्या घ्या आणि अर्ज स्पीड पोस्टाने त्याच कचेरीला पाठवा. दाखल्याचे काम असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात सेवेची मुदत आहे, अपील आहे आणि कसूर करणाऱ्याला दंडही आहे. पण अपिलाला कागद लागतो. तोंडी गेलेला माणूस गेलाच नव्हता असे धरले जाते.

रांगेत उभे असताना एक प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारायचा: ‘साहेब, तार तुटली, वीज गेली की वरचा संगणक बसला?’ तीनपैकी काय झाले ते साहेबाला शोधावे लागेल. शोधले की कोणाचे काम आहे ते कळेल. कोणाचे काम आहे ते कळले की ‘कोणाचाच दोष नाही’ हा खेळ तिथेच संपेल. कागद गोळा करून गावागावांतून पुढच्या मेळाव्याला आणा. शंभर कागद एका टेबलावर पडले तर साहेबांना त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

बिरसीच्या धावपट्टीवर आंधळ्या रेडिओच्या विमानालाही हिरवा दिवा दाखवून उतरवून घेण्याची सोय आहे. आमची मागणी त्याहून मोठी नाही. आमची गाडी उतरवून घ्या. तार तुमची आहे. ती तुटल्याचा खर्च यापुढे आम्ही भरणार नाही.